अकरावीचं गणित

गुरुपादप्पांनी पुस्तकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधता बांधता नेहमीचा प्रश्न विचारला. कुठल्या क्लासला घातलंय मग गंधारला? नांदेडच्या वजिराबादेत त्यांचं दुकान आहे, आणि चोवीस वर्षांत माझ्या शाळेतल्या निम्म्या पोरींनी तिथूनच पुस्तकं नेलीत, त्यामुळं हे विचारायचा आपल्याला हक्कच आहे असं ते धरून चालतात. मी म्हणाले, घरी. घरी म्हणजे, कोण येतंय शिकवायला? कोणी येत नाही, मीच शिकवणार आहे, अकरावी आणि बारावी, दोन्ही वर्षांचं गणित. त्यांचा हात सुतळीवर थांबला. दुकानात दुसरी तीन-चार गिऱ्हाइकं होती, ती पण माझ्याकडं बघायला लागली. लेकराला अकरावी सायन्सला घालून क्लास न लावणं म्हणजे त्याला उपाशी ठेवण्यातला प्रकार झालाय आता आमच्याकडं. गुरुपादप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगा बरा हाय ना, बाई?"

बस, एवढंच. चांगल्या मनानं विचारलेलं होतं, ते मला कळत होतं. तरी अशी तिडीक गेली डोक्यात की उरलेले सुटे पैसेसुद्धा न घेता मी गठ्ठा उचलला आणि रस्त्यावर आले. धडधाकट आहे म्हणाले जाता जाता, कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. जुलै अर्धा उलटला तरी नांदेडात पावसाचा पत्ता नव्हता, डांबराची धग चपलेतून वर येत होती. दोन रिक्षावाले थांबून विचारून गेले, मी नको म्हणाले. का नको म्हणाले? काही कारण नाही. पुलाच्या अलीकडं आल्यावर सुतळी बोटात रुतायला लागली तेव्हा मी गठ्ठा एका कठड्यावर टेकवला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एक अभ्यासक्रम निवडायला गेले होते आणि तीन घेऊन आलेय. चोवीस वर्षं फळ्यापुढं उभी राहून गणित शिकवणारी बाई, जिला पालक विचारायला येतात, बाई, आमच्या पोरीसाठी कुठलं पुस्तक चांगलं, आणि जी एका दमात सांगते, ती मी, पोटच्या पोरासाठी एक पुस्तक निवडू शकले नाही. तिथंच उभी राहून मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

तीन म्हणजे हे. एक, बोर्डाचं पुस्तक, जे कॉलेजात लावलेलं असतं आणि कुणी उघडत नाही. दोन, लातूरच्या क्लासच्या नोट्स, कुणाकुणाच्या हातांतून फिरून शेवटी झेरॉक्स होऊन आमच्या गावात आलेल्या, काळ्या स्पायरलमध्ये बांधलेल्या. त्यात एकेक गणित पायरी पायरीनं सोडवलेलं आणि समासात लिहिलेलं असतं, इथं एक मार्क, इथं दोन. पोरं ती पाठ करतात. गेल्या आठ-दहा वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका इतक्या वेळा सोडवतात की पेपर हातात पडल्यावर डोकं वापरायची गरज उरत नाही, आणि शंभरातले सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव घेऊन येतात. त्याच मार्कांवर इंजिनिअरिंगला नंबर लागतो, दुसऱ्या कशावरही नाही. पण माझी देविका नावाची विद्यार्थिनी, बारावीला गणितात अठ्ठ्याण्णव, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीत माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि ढसाढसा रडली. पहिल्याच चाचणीत गणितात नापास. म्हणाली, बाई, तिथं कुणी पायऱ्या देतच नाही हो, नुसता प्रश्न देतात. म्हणून तिसरी, दिल्लीची पुस्तकं, केंद्रीय बोर्डाची. पानापानाला असं का, असं का विचारणारी. ती खरी पुस्तकं. त्यातून शिकलेलं पोरगं पुढं कॉलेजात बुडत नाही, फक्त त्यातून शिकायला वेळ लागतो, आणि आमचं बोर्ड ते विचारत नाही, आणि दोन मार्क कमी पडले तर कॉलेजच मिळत नाही. मग पुढं बुडायचा सवाल कुठं येतो? ही सगळी जिकीर दुसऱ्या कुणाच्या पोराची असती तर मी पाच मिनिटांत निकाल लावला असता. गंधारच्या बाबतीत चुकले तर तो घरीच बसेल, ही एकच भीती होती. तो घराबाहेर पडेल का, चार पोरांत बसून कॉलेज करू शकेल का, हे सगळं या तीन गठ्ठ्यांतल्या कुठल्यातरी एकात आहे असं मला वाटून राहिलं होतं, आणि तो कुठला ते कळत नव्हतं.

जूनमध्ये आम्ही त्याला लातूरला सोडून आलो होतो. लोहा, अहमदपूर करत एसटी जात होती आणि अख्ख्या गाडीत ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या आणि पंचाऐंशी टक्क्यांच्या वरची पोरं. दहावीला त्याला गणितात दीडशेपैकी एकशे सेहेचाळीस होते. क्लास म्हणजे दुकानांच्या ओळीवर बांधलेला लांबच लांब हॉल, दोनशे पोरं, शिकवणं सुरू झालं की दारं लावून घ्यायची. राहायला एका खोलीत चौघं, त्यात रामकिशन नावाचा एक, किल्लारीच्या बाजूचा, आता पुनर्वसनाच्या नव्या गावात आजीपाशी राहणारा. आई आणि दोन्ही बहिणी भूकंपात गेलेल्या. हे त्यानं आम्हाला अगदी सहज सांगितलं, गादी पसरता पसरता, जसं आपण कुठल्या तालुक्याचे ते सांगावं. सकाळी पाचला उठून गणितं सोडवायला बसायचा म्हणे. आणि क्लासचे सर पहिल्याच दिवशी त्याला उभं करून सगळ्यांना म्हणाले, याचं सगळं घर गेलं तरी हा नव्वद टक्के घेऊन आला, तुम्हाला काय धाड भरलीय? पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे गंधारनंच मला पहिल्या पत्रात लिहिलं होतं, खाली दुसरं काही न लिहिता. एकोणिसाव्या दिवशी क्लासमधून फोन आला की तुमचा मुलगा आत बसत नाही, बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर बसतो, वही मांडीवर घेऊन. आठ दिवस झाले. ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं, आत नेलं की पाच मिनिटांत उठून बाहेर येतो.

आम्ही जाऊन त्याला घेऊन आलो. तिथल्या एका डॉक्टरला दाखवलं, त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, भूकंपाची धास्ती आहे, स्लॅबखाली बसायला घाबरतो, या भागात अशी पुष्कळ लेकरं येतात माझ्याकडं. मी मान हलवली. वास्तविक त्र्याण्णव साली गंधार नऊ वर्षांचा होता आणि त्या दिवशी नांदेडला आमच्या घरी होता. नांदेडला मांडणीवरची भांडी वाजली फक्त. आणि आमच्या घरालाही स्लॅबच आहे, त्याच्याखाली तो निवांत झोपतो. हे मी डॉक्टरला बोलले नाही. त्यांनी एक नाव दिलं होतं आणि मला ते नाव हवं होतं, कारण नाव असलं की बाई काहीतरी करू शकते. एका ज्युनिअर कॉलेजचे उपप्राचार्य निवृत्ती सर माझ्या ओळखीचे. त्यांना जाऊन भेटले, डोळ्यांत पाणी आणलं, आणावं लागलं नाही, आलंच, आणि ते म्हणाले, नाव घाला, प्रॅक्टिकलला तेवढा पाठवा, बाकी घरी करून घ्या. अशी माझ्या घरात शाळा सुरू झाली.

ह्यांचं म्हणणं अगदी वेगळं. रेणुकादासांना जिल्हा परिषदेत एकोणतीस वर्षं झाली आणि तिथं ते जे शिकले ते एवढंच की कागद पुढं सरकवू नये, आपोआप सरकतो. मी तिन्ही गठ्ठे पलंगावर मांडून बसले होते आणि त्यांना एकेकाचे गुण-दोष सांगत होते. ते चहा पिता पिता ऐकत होते. ऐकून घेतलं सगळं आणि म्हणाले, गणितच सोडू दे त्याला. अकरावीला गणित सोडून नुसतं जीवशास्त्र घेता येतं, किंवा सायन्सच नको, आर्ट्सला जाऊ दे, मास्तर होईल, काय बिघडलं. मी त्यांच्यावर अशी तुटून पडले की विचारू नका. एकशे सेहेचाळीस मार्क काय उगाच पडलेत का, त्याच्या हातात गणित आहे, ते तुमच्या सात पिढ्यांत कुणाच्या हातात नव्हतं, ते माझ्याकडून आलंय. ते कप खाली ठेवून म्हणाले, "मुग्धाच्या हातात पण होतं." सात वर्षांत त्यांनी माझ्यासमोर तिचं नाव किती वेळा घेतलं हे मी बोटांवर सांगू शकते. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, आणि मी रोज वाट बघत राहिले की कधी देतात.

मुग्धाच्या हातात गणित नव्हतं. हे आईनं बोलू नये पण खरं आहे. तिच्या हातात चित्र होतं, गळा होता, माणसं जोडायची कला होती. भूमिती तिला चढायची नाही. पक्ष काय, साध्य काय, इथपर्यंत यायची आणि सिद्धता आली की खिडकीबाहेर बघायची. दहावीचं वर्ष, गणिताच्या बाईंची मुलगी, आणि चाचणीत भूमितीत पस्तीस. शिक्षकखोलीत कुणी काही बोललं नाही, त्यानंच मी बेजार झाले. माझे शेषेरावदादा किल्लारीजवळच्या एका गावी हायस्कूलला मास्तर होते, भूमिती शिकवावी तर त्यांनीच. अंगणात खुंट्या ठोकून दोरी बांधून वर्तुळ आणि स्पर्शिका दाखवायचे, पोरं त्यात उभी राहायची, त्रिज्या होऊन चालायची. म्हणून महालक्ष्म्यांना मी तिला तिकडं पाठवलं आणि म्हणाले, दहा दिवस राहा, वीस प्रमेयं मामाकडून पक्की करून घे. ती गेली हसत. मामाकडं जायला ती कधीही तयार असायची, अभ्यासाला नसली तरी. जाताना माझ्याशी भांडलीसुद्धा नाही, ही एक गोष्ट मी पुष्कळ वेळा धरून बसते.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. आमच्याकडं तेव्हा फोन नव्हता, शेजारी संगप्पाकाकांकडं होता. ती तिकडं पोस्टातून बोलत होती, तीन मिनिटांच्या हिशेबात. काकांच्या घरून गंधार पळत आला. मी स्वयंपाकघरात होते, दोन्ही हात कणकेत, गॅसवर काहीतरी उतू जायच्या बेतात. आई, ताई विचारती, दुपारच्या गाडीनं येऊ का आज? इथलं विसर्जन बघायचंय म्हणती. आणि मी म्हणाले, पुरं करूनच ये म्हणावं. माझं ते ठरलेलं वाक्य आहे. फळ्यासमोर, घरात, ताटावर, सगळीकडं. पुरं करूनच ऊठ, पुरं करूनच जा. गंधार पळत परत गेला. मी कढई खाली उतरवली. एक दिवस सोडून पहाटे ते झालं. दादा आणि वहिनी पुढच्या पत्र्याच्या पडवीत झोपले होते, ते वाचले. मुग्धा आतल्या खोलीत होती कारण दिवा आतल्या खोलीत होता, आणि तिला रात्री बसून वाचायचं होतं. दगडामातीच्या दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस लागला होता आणि त्या गावात रस्ता कुठून कुठं जात होता ते कळत नव्हतं. ती आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. मी तिला ओळखलं. त्यापुढचं मला सांगायचं नाही.

औशाला शाळेत लोकांना ठेवलं होतं, तिथं दादा मला भेटले. त्यांच्या डोक्याला पट्टी होती. ते मला धरून म्हणाले, लता, अगं ती निघायची म्हणत होती, पिशवी भरली होती तिनं, फोन करून आली आणि म्हणाली, आई म्हणती पुरं करूनच ये. त्यांनी ते बोलायला नको होतं. पण ते शुद्धीवर नव्हते आणि मीही नव्हते. त्यानंतरचं प्रत्येक वर्ष मी त्या वाक्यात काढलंय. वर्गात मी ते परत कधी म्हणाले नाही, असं मला वाटतं. पोरी म्हणतात, म्हणता की बाई, रोजच म्हणता. कधी भाजी निवडताना, कधी तपासणीच्या वह्या पुढं असताना मला ती कणीक आठवते, बोटांना चिकटलेली, आणि वाटतं की हात मोकळे असते तर मी स्वतः गेले असते फोनवर, तिचा आवाज ऐकला असता आणि विरघळले असते. ये गं बाई, ये, म्हणाले असते. असं मी स्वतःला रोज म्हणायला लावते. पोरीला भूमितीपायी घालवलं, आणि तीच बाई आता पोराच्या पुढ्यात गणिताची पुस्तकं मांडून बसली होती.

शेवटी मी काय केलं असेल? तिन्ही निवडले. दुसरं काय करणार, मास्तरीण ना मी. सकाळी दिल्लीचं पुस्तक, डोकं ताजं असतं म्हणून. दुपारी बोर्डाचं, कारण शेवटी पेपर त्याच्यातून. संध्याकाळी लातूरच्या नोट्स, कारण मार्क त्याच्यातून. शेहेचाळीस आठवड्यांचं वेळापत्रक केलं, तीन रंगांच्या शाईत, लाल, निळी, हिरवी. कुठल्या आठवड्यात ट्रिगनॉमेट्री, कुठल्यात सरळ रेषा, कुठल्यात उजळणी. ड्रॉइंगच्या कागदावर लिहून बैठकीच्या भिंतीला चिकटवलं आणि लांब उभी राहून बघितलं. खरं सांगते, पुष्कळ दिवसांनी मला बरं वाटलं. ह्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं आणि विचारलं, यात तो जेवणार कधी? गंधारनं नुसतं वाचून घेतलं. तो लातूरहून आल्यापासून फारसं बोलतच नव्हता, पण चिडायचा पण नाही. सांगितलं ते करायचा, पाणी आणून द्यायचा, गॅलरीत बसून कबुतरं बघायचा. त्याच्या ओठावर मिसरूड फुटायला लागलं होतं, आणि चेहरा कुठल्यातरी बाजूनं मुग्धासारखा दिसायला लागला होता. त्याचं वय तिच्या वयाच्या पुढं निघून गेलं तेव्हा मला त्याचा राग आला होता. असला राग आईला येतो, हे कुणी सांगत नाही.

पहिला धडा रविवारी दुपारी झाला. शाळेला सुट्टी, हे बाहेरच्या खोलीत तोंडावर पेपर टाकून झोपलेले. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मराठीतून दहावी केलेला पोरगा, आता सगळं इंग्रजीतून, त्यामुळं मी दोन्ही भाषांत सांगत होते, कोन म्हणजे अँगल, ज्या म्हणजे साइन. कोन म्हणजे दोन रेषांतली जागा नव्हे, कोन म्हणजे फिरणं, हे दिल्लीच्या पुस्तकातलं मी त्याला दाराची कडी फिरवून दाखवलं. त्याला ते चटकन कळलं. एवढंच नाही, त्यानं विचारलं, मग एक पूर्ण फेरी मारून पुढं गेलं तर? तीनशे साठच्या पुढचा कोन? आणि माझ्या अंगावर काटा आला. चोवीस वर्षांत हा प्रश्न मला दोन पोरींनी विचारलाय. मी त्याला सांगत गेले, तो लिहीत गेला, त्याचा हात सुंदर चालायला लागला, तिरप्या अक्षरात, कुठंही न खोडता. मध्येच त्यानं माझी एक चूक काढली, चिन्हाची, आणि जरासा हसला. किती दिवसांनी. मी मनात म्हणाले, येईल, हा बाहेर येईल, दोन वर्षांत हा कॉलेजच्या पायऱ्या चढून आत जाऊन बसेल. त्या तासाभरात मी इतकी सुखात होते की मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटली नाही.

वीस गणितांचा संच दिला होता मी, सोळा झाली. त्यानं पेन खाली ठेवलं, बोटं मोडली आणि उठून गॅलरीकडं जायला निघाला, वारा खायला. आणि मी वही तपासता तपासता, वर न बघता, अगदी सहज म्हणाले, "पुरं करूनच ऊठ."

तो उभाच राहिला. मला वाटलं, ऐकलं नाही, म्हणून मी वर बघितलं. तो खुर्चीची पाठ धरून उभा होता आणि त्या खुर्चीचे पाय फरशीवर कटकट वाजत होते. मी म्हणाले, अरे राहू दे, नंतर कर, चुकून तोंडातून गेलं. तो म्हणाला, चुकून नाही. आई, मला तुला सांगायचंय. मग तो बसला आणि टेबलाकडं बघत बोलायला लागला, आणि त्याचा आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा येत होता.

"तू तसं म्हणाली नव्हतीस," तो म्हणाला. "ताईला. तू म्हणालीस, येऊ दे म्हणावं, राहिलेलं इथं करू. मी तिला सांगितलं, आई म्हणती पुरं करूनच ये."

मी विचारलं, का? हा प्रश्न विचारायला नको होता, पण विचारला. त्यानं सांगितलं. गल्लीच्या गणपतीच्या मिरवणुकीत दर वर्षी आरतीचं ताट ताईच्या हातात असायचं, सगळ्यांत पुढं. ती नाही म्हणून त्या वर्षी संगप्पाकाका म्हणाले होते, ताट गंधार धरेल. ती आली असती तर ताट तिच्याकडं गेलं असतं. बस, एवढंच. मग त्यानं मिरवणुकीत ताट धरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी आली. लातूरला सरांनी रामकिशनला उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा, तो म्हणाला, मला त्या खोलीत त्याच्या शेजारी बसता येईना. डॉक्टरांनी विचारलं छताची भीती वाटती का, तर मी हाव, वाटती म्हणालो.

मी आठवायला लागले. येऊ दे म्हणावं. मी खरंच तसं म्हणाले होते? कणीक होती, उतू जाणारं काहीतरी होतं, दारात गंधार धापा टाकत होता. आणि माझे ओठ हलताना मला दिसत होते आणि त्यातून काय निघालं ते ऐकू येत नव्हतं. दादांनी औशाला ते वाक्य सांगितलं आणि मी ते घेतलं. हे माझंच आहे, असं मला एका क्षणात पटलं, कारण ते माझंच होतं. पोरानं खोटं बोलायला दुसरं वाक्य शोधलं असतं तर मी कदाचित म्हणाले असते, छे, मी असं कसं म्हणेन? आणि तेव्हा, सांगायला जीभ रेटत नाही पण सांगते, तेव्हा मला हलकं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं आणि माझ्या तोंडातून एक मोठा श्वास बाहेर पडला, सुटकेचा. सात वर्षांनी. माझ्या समोर माझा पोरगा बसला होता आणि मी सुटले म्हणून श्वास सोडला. त्यानं वर बघितलं. त्यानं तो श्वास ऐकला आणि कशाचा ते त्याला कळलं. हुशार आहे तो, एकशे सेहेचाळीसचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचा हात धरला, तो थंडगार होता, त्यानं सोडवूनही घेतला नाही.

काहीतरी बोलायला हवं होतं. तू लहान होतास, बाळा. तुझा काय दोष, कुणाला ठाऊक होतं, भूकंप काय तू आणलास? हे सगळं माझ्या घशात होतं आणि प्रत्येक वाक्य बाहेर यायच्या आधीच मला खोटं वाटत होतं, कारण हीच वाक्यं लोक मला सात वर्षं सांगत आलेत आणि मला त्यातलं एकही लागलं नाही. बाहेरच्या खोलीत ह्यांनी कूस बदलल्याचा आवाज आला. मी विचारलं, ती चिडली का रे? परत विचारलं नाही तिनं, आई असं का म्हणती म्हणून? गंधारनं मान हलवली. नाही. लगेच बरं म्हणाली. तिला लगेच खरं वाटलं. मग तो थांबला, आणि मला वाटलं संपलं, पण त्याचे ओठ हलत होते, कुणीतरी पाठ करायला दिलेलं मनातल्या मनात म्हणून बघावं तसे.

"तिनं तुला निरोप दिला होता," तो म्हणाला. "मी सांगितलाच नाही. भीती वाटली, तू विचारशील म्हणून. ती म्हणाली, आईला सांग, चौदा झाली. सहाच राहिलीत. आता मला येती म्हणाली भूमिती."

चौदा झाली होती तिची. दोरीच्या वर्तुळात उभी राहून, मामाच्या अंगणात, तिनं चौदा प्रमेयं केली होती आणि ते तिला मला सांगायचं होतं. मला वाटलं होतं, ती माझ्यावर रुसून त्या खोलीत झोपली असेल. टेबलावर गंधारची वही उघडी होती, पंख्यानं पान उलटत होतं, मी त्यावर हात ठेवला आणि माझं रडू वाहायला लागलं. थांबवायचा प्रयत्न केला नाही. आयुष्यात कुठल्या पोरीला मी हे म्हणाले नव्हते, नव्वद मार्क घेऊन आलेल्या पोरीलाही नाही.

"पुष्कळ झाली," मी म्हणाले. "चौदा पुष्कळ झाली म्हणावं तिला. ये म्हणावं."

गंधारचा हात अजून माझ्या हातात होता.

"आता कुणाला सांगू, आई?" तो म्हणाला.